लांब काठी पाठीमागे

दिवाळीनंतरच्या आठवड्यात बाबांचा उजवा हात, उजवा पाय आणि तोंडातले शब्द एकाच सकाळी गेले. मी पुण्याहून निघून रत्नागिरीला पोचेपर्यंत त्यांना दवाखान्यात दाखल करून झालं होतं. तेव्हापासून सहा-सात महिने मला काहीच वाटलं नाही. दात काढण्याआधी हिरडीत सुई देतात, मग गाल आपलाच असून आपला राहत नाही, तसं. कामं मात्र मी सगळी केली. औषधांच्या वेळा, कुशीवर वळवणं, चादरी, डॉक्टरांचे फोन, आणि त्यातच माझी घरून चालणारी नोकरी. बघायला येणारे म्हणायचे, मुलगा असावा तर असा. मी चहा पुढे करायचो.

बाबा हॅम होते, म्हणजे सरकारी परवाना घेऊन हौसेने घरून वायरलेसवर जगाशी बोलणारे. माझ्या शाळेच्या दिवसांत त्यांनी घरामागच्या कातळात खुंट ठोकून, तारांचे ताण देऊन एक लोखंडी मनोरा उभा केला. त्याच्या टोकावर अँटेना: एक लांब दांडा आणि त्याला आडव्या तीन नळ्या, बांगड्याच्या काट्यासारख्या. ही अँटेना तोंड असेल तिकडचंच नीट ऐकते आणि तिकडेच नीट बोलते. म्हणून तिच्याखाली तिला फिरवणारी मोटर असते, तिला रोटेटर म्हणतात. उत्तरेला शून्य धरायचं, पूर्वेला नव्वद, असे तीनशे साठ अंश. बाबांच्या टेबलासमोर भिंतीला त्यांच्या अक्षरातला कागद होता, कुठल्या देशासाठी किती अंश. सगळ्यात वर मस्कत, तीनशे.

मस्कतला त्यांचा मित्र. मूळ आमच्याच किनाऱ्यावरच्या नाटे गावचा, जन्मभर जहाजांवर वायरलेस ऑफिसर, आता मुलाकडे राहणारा. मी त्यांना चाचा म्हणतो. रोज संध्याकाळी साडेपाचला दोघं हवेवर भेटायचे. बोलायचे काय, तर इकडे वारा कुठला, तिकडे ऊन किती, बाजारात सुरमई आली का. इतक्या वर्षांत समोरासमोर चारदा भेटले असतील. मी पंधराव्या वर्षी बाबांच्या धाकाने परवान्याची परीक्षा दिली, पास झालो आणि पुढे रेडिओला हात लावला नाही. बाबांनी ते मनाला लावून घेतलं होतं. मी तेही कधी मनाला लावून घेतलं नाही.

डॉक्टरांनी घरी सोडताना एक गोष्ट स्पष्ट सांगितली. "बोलणं गेलंय ते दिसतंच आहे. समज किती उरलीय ते घरच्यांनी बघायचं. समज असेल तर बोलण्याचे उपचार रोज करा, चिकाटी ठेवा, माणूस बराचसा परत येतो. नसेल तर..." त्यांनी फाईल मिटली. "नसेल तर तुम्ही दोघं भावंडं स्वतःचीही काळजी घ्या."

दोघं म्हणजे मी आणि ठाण्याची धाकटी बहीण. आई जाऊन बरीच वर्षं झाली. तर आता प्रश्न एवढाच होता की बाबा आत आहेत की नाहीत. तो सोडवायला काही साधन नव्हतं. तोंडातून एकच गोष्ट यायची, "तेच तेच". मान मात्र सगळ्याला डोलायची. भूक लागली? हो. भूक नाही? हो. मी तुमचा मुलगा ना? हो. मी कलेक्टर ना? हो. आठवड्यातून दोनदा बोलण्याचे उपचार करणारी एक मुलगी यायची, चित्रांचे पत्ते दाखवायची. ती म्हणायची, मान डोलावण्यावर जाऊ नका, या आजारात हो-नाहीची सरमिसळ होते, आकडे मात्र कधी कधी शाबूत राहतात.

आकडे म्हटल्यावर मला रोटेटर सुचला.

बाबांची खाट आधीच रेडिओच्या खोलीत आणली होती. रोटेटर चालवायच्या टेबलावरच्या जुन्या डब्याला एक खटका होता आणि अँटेना वळेपर्यंत तो दाबून धरावा लागे. खाटेवरून ते जमण्यासारखं नव्हतं. पण डब्याच्या मागे एक गोल सॉकेट होतं, बाबांनी कधी न वापरलेलं. त्याला सर्किटची एक छोटी पाटी जोडली, तिच्यातून सिरियल केबल, आणि ती माझ्या जुन्या लॅपटॉपला. सिरियल म्हणजे एकामागून एक अक्षर पाठवत यंत्राशी बोलायची जुनी रीत. एम हे अक्षर, पुढे तीन आकडे आणि एंटर, की मोटर त्या अंशावर जाते. सी पाठवलं की आत्ता तोंड कुठे आहे ते परत कळवते. एस म्हणजे थांब. पहिल्या दिवशी येणारी आणि जाणारी वायर मी एकमेकींच्या जागी लावली होती, त्यामुळे दोन्हीकडे शांतता. अदलाबदल केल्यावर उत्तर आलं. त्या दिवसांत आमच्या घरात झालेलं ते सगळ्यात सरळ संभाषण असावं.

मग यंत्राला दिशा शिकवायची असते. मोटर डावीकडे अगदी अडेपर्यंत फिरवायची आणि त्या जागेला शून्य म्हणायचं, उजवीकडे अडेपर्यंत फिरवायची आणि तिला तीनशे साठ. मी ते केलं. शून्यावर ठेवून अंगणात गेलो, वर बघितलं. अँटेनेचा दांडा दक्षिणोत्तर रेषेत होता. रेषा जुळली म्हणून मी आत आलो. डब्यावर एक काटा होता, पण काचेवर खाऱ्या हवेचा थर चढला होता आणि खालची अक्षरं दिसत नव्हती. ओल्या फडक्याचं काम होतं. मी ते केलं नाही.

शेवटी मोठ्या अक्षरांची एक खिडकी लिहिली आणि आकड्यांची छोटी कळपाटी बाबांच्या डाव्या हाताखाली एका पाटावर ठेवली. तीन आकडे दाबायचे, एंटर दाबायचं. बाकीचं लॅपटॉप बघेल, आणि कुठला आकडा किती वाजता दाबला त्याची नोंदही ठेवेल. फेब्रुवारीची अखेर होती. चाचांना निरोप पाठवला की आज ते ऐकतील, निदान कानावर पडेल. चाचा म्हणाले, "मी बोलतो. तू लाव फक्त."

सव्वापाचला मी रेडिओ लावून बाबांच्या उशाशी बसलो. मावशी, म्हणजे दिवसभर त्यांचं करायला येणाऱ्या बाई, दारात उभ्या राहिल्या. बाबांनी कळपाटीकडे बराच वेळ पाहिलं. मग डाव्या हाताचं एक बोट पुढे आलं. तीन. शून्य. शून्य. एंटर. मनोऱ्यावर मोटर घुमू लागली. मी रेडिओचा आवाज वाढवला.

साडेपाच झाले. चाचांचा आवाज आला, पण खरखरीच्या खाली, कुणीतरी भिंतीपलीकडे पुटपुटल्यासारखा. हवा खराब असेल, मी म्हटलं. बाबांनी पुन्हा तीनशे दाबलं. पुन्हा तीनशे. मग तीनशे दहा. मग दोनशे नव्वद. पुन्हा तीनशे. आणि मग तीस.

मी उठून उभा राहिलो.

साठ. दर वेळी मोटर घुमायची, थांबायची, बाबा थोडे थांबायचे. नव्वद. म्हणजे ते तीसचा पाढा म्हणत होते. लहानपणी पाठ केलेलं सगळ्यात शेवटी जातं असं म्हणतात, ते समोर दिसत होतं. माझी ऑफिसची मीटिंग होती, मी शेजारच्या खोलीत गेलो. नंतर नोंदीत बघितलं तर एकशेवीसवर थांबले होते.

दुसऱ्या दिवशी मी साडेपाचला त्यांच्याबरोबर बसलो नाही, फक्त नोंद बघितली. एकशेवीस. तिसऱ्या दिवशीही एकशेवीस. एकशेवीस म्हणजे आग्नेय, म्हणजे मस्कतच्या बरोबर उलट, घाटाच्या अंगाला. आठवडाभर तेच. मी बहिणीला फोन केला. आमच्या घरात मोबाइलची रेंज एकाच खिडकीत येते आणि ती खिडकी बाबांच्या खोलीत आहे, त्यांच्या खाटेला लागून.

"आकडे आहेत, अर्थ नाही," मी तिला सांगितलं. "तीसचा पाढा म्हणतायत. मस्कतसाठी घाटाकडे तोंड करतात."

ती रडायला लागली. मला तिचं रडणं लांबलचक वाटलं. मग मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण त्यातला शब्द बदलायचा मला हक्क नाही. मी म्हटलं, "ते दिवाळीतच गेले गं. आता खाटेवर आहे ते नुसतं जेवतं आणि घाण करतं. हे एकदाचं संपेल तर तेही सुटतील आणि मीही सुटेन." बाबांचं डोकं माझ्या कोपरापासून हातभर अंतरावर होतं. डोळे छताकडे होते. मी फोन ठेवला आणि त्यांची उशी सारखी केली.

त्याच आठवड्यात उपचारवाल्या मुलीला मी कळवलं की आता नको. ती म्हणाली, "इतक्या लवकर?" मी म्हटलं, आम्ही बघितलंय. पनवेलजवळ अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणारी एक जागा आहे, तिथे जूनपासून खाट मिळेल असं कळलं. बहीण हो म्हणाली, मी हो म्हणालो. हे सगळं त्याच खिडकीत ठरलं.

मस्कतचं मात्र चालू राहिलं. साडेपाचला भिंतीपलीकडून चाचांचा आवाज यायचा, आणि आश्चर्य म्हणजे खणखणीत. "काय मेल्या, जेवलास काय? इथे आज बांगडे मिळाले, पण आपल्या चवीचे न्हाईत." असं अर्धा तास एकट्याने. उलट तोंडाच्या अँटेनेत इतका स्वच्छ आवाज कसा, हा प्रश्न परवानाधारक माणसाला पडायला हवा होता. मला पडलाही. मी स्वतःला सांगितलं, हवा चांगली असली की पाठीमागूनही येतं. पंधराव्या वर्षी परीक्षेत असं उत्तर लिहिलं असतं तर बाबांनी वही फेकली असती.

तीनदा मी चांगुलपणाही केला. शेजारच्या खोलीतून, ऑफिसच्या लॅपटॉपवरून त्या जुन्या लॅपटॉपमध्ये शिरून, बाबांचा आकडा पुसून तीनशे पाठवला. आणि हेडफोन लावून मीटिंगला बसलो. तिसऱ्या वेळी मावशी आत आल्या. "चिडलेत ओ. खाटेच्या दांड्यावर हात आपटतायत. तेच तेच, तेच तेच करतायत. जरा बगा."

"आजाराचा भाग आहे," मी म्हटलं. डॉक्टरांना कळवलं. त्यांनी शांत राहण्याची अर्धी गोळी लिहून दिली. ती रोज दुपारी मीच द्यायचो, आंब्याच्या रसातून.

मे महिन्याच्या मध्यावर आमचा पाडेली आला. पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. हा आमचे माड पाडतो, आणि दर वर्षी पावसाळ्याआधी मनोऱ्यावर चढून वायरींच्या सांध्यांना टेप आणि प्लास्टिक गुंडाळून देतो. बाबा, त्याचे दादा, खाली उभे राहून सांगायचे, तो वर करायचा. या वेळी खाली मी उभा होतो. मोटरची वीज बंद केली. पनवेलला जायचं ठरल्यावर सांधे गुंडाळायची गरजच नव्हती, पण तो दारात आला तेव्हा नको म्हणायचाही मला कंटाळा आला.

काम झाल्यावर त्याने वरून विचारलं, "तोंड असाच ऱ्हवू दे काय? दादांच्या रोजच्या जाग्यावरच हाय. मस्कताच्या अंगाला."

"नाही रे," मी म्हटलं. "ती घाटाकडे आहे. एकशेवीसवर."

त्याने वरूनच हात करून दाखवलं. "लांब काठी पाठीमागं, आखूड काठी फुडं. दादांनीच शिकवलानी मला. लांब काठी घाटाकडं हाय, मंजे तोंड दर्याकडं."

मी डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. तीन नळ्यांतली एक किंचित लांब असते, ती पाठ. खालून तो फरक वीतभरसुद्धा वाटत नाही. मी रेषा बघितली होती, तोंड कुठलं आणि पाठ कुठली ते बघितलंच नव्हतं.

आत जाऊन डब्याची काच ओल्या फडक्याने पुसली. काट्याखालच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना दक्षिण, मधोमध उत्तर. बाबांनी मोटरचा अडसर दक्षिणेला ठेवला होता. त्यांचं सगळं जग, आखात, युरोप, जपान, उत्तरेच्या बाजूला, म्हणून अडसर त्यांच्या वाटेत येऊ नये अशा जागी. मी डावीकडे अडली त्या जागेला उत्तर म्हणालो होतो. म्हणजे माझा प्रत्येक आकडा बरोबर उलटा होता. माझं तीनशे म्हणजे घाट, आणि माझं एकशेवीस म्हणजे मस्कत.

मग मी नोंद उघडली आणि पहिला दिवस पुन्हा वाचला. तीनशे, तीनशे, तीनशे. आवाज नाही. दहा अंश इकडे, दहा अंश तिकडे. नाही. मग तीस, साठ, नव्वद, एकशेवीस, आणि तिथे थांबले. समोरचा सापडत नसेल तर तीस-तीस अंशांनी फिरवत जायचं आणि कान सांगेल तिथे थांबायचं, हे त्यांनी मला याच टेबलाशी बसवून शिकवलं होतं. अर्धं अंग गेलेल्या, जीभ गेलेल्या माणसाने पहिल्याच संध्याकाळी माझी चूक शोधली, तिच्यावर तोड काढली आणि रोज पाळली. पुढच्या नोंदींत माझं तीनशे तीनदा दिसत होतं आणि प्रत्येकाखाली एका मिनिटाच्या आत त्यांचं एकशेवीस. परीक्षा मी घेतली, प्रश्नपत्रिका मी चुकीची छापली आणि नापास त्यांना केलं.

त्यांना सगळं समजत होतं. म्हणजे खिडकीतलं बोलणंही.

दुपारभर मी काही केलं नाही. त्या दिवशीची गोळी दिली नाही, एवढंच. पाचच्या सुमाराला लॅपटॉपमधली एक ओळ बदलली, एकशे ऐंशी मिळवले, आणि बाबांच्या समोर खुर्ची ओढून बसलो. त्यांच्या समोर, उशाशी नाही, असं मी किती दिवसांनी बसलो होतो कुणास ठाऊक.

"बाबा, अडसर दक्षिणेला होता. मी उलटं धरलं. तुमचं बरोबर होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आता दुरुस्त केलंय." मी खिडकीकडे बोट केलं. "मी फोनवर जे बोललो, त्या खिडकीत. ते तुम्ही ऐकलंत."

एरवी कशालाही डोलणारी मान हलली नाही.  मग साडेपाच व्हायच्या आधी त्यांचं बोट कळपाटीवर गेलं. तीन, शून्य, शून्य, एंटर. अडीच महिन्यांची सवय एकदाही आड आली नाही. मोटर घुमली, थांबली, आणि चाचांचा आवाज खोलीभर झाला.

रात्रीच्या जेवणाला मी नेहमीसारखा मऊ भात कालवून चमचा पुढे केला. बाबांनी ओठ मिटले. मला वाटलं गरम असेल, मी फुंकर घातली. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि बाजूला सारलं. जोर होता त्या हातात. तोंड भिंतीकडे केलं. मावशी निघण्याच्या तयारीत होत्या, त्यांनी पदर खोचून चमचा घेतला, तर त्यांच्या हातून सगळा भात जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळची पेज माझ्याकडून घेतली नाही. दुपारीही नाही.

पनवेलची खाट नको म्हणून कळवलं. उपचारवाल्या मुलीला फोन केला, ती म्हणाली, सोमवारी येते. वाया गेलेल्या दिवसांबद्दल ती काही बोलली नाही, मीच दोनदा बोललो.

तिसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला. मी खिडकीतून फोन घेऊन बाहेर पडलो, अंगणातून वर सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर गेलो, रेंज मिळेपर्यंत चालत राहिलो. तिला अँटेना, अडसर, पाठ-पोट सगळं सांगितलं. तिला त्यातलं अर्धं कळलं नसावं. तिने एकच विचारलं, "मग आता कसे आहेत?"

"माझ्यावर रागावलेत," मी म्हटलं. "माझ्या हातचं जेवत नाहीत."

 मग ती म्हणाली, "नक्की? नक्की रागावलेत?"

"नक्की," मी म्हटलं. "खूप रागावलेत." आणि मला इतकी लाज वाटली, आणि इतका आनंद झाला, की मी तिथेच कातळावर खाली बसलो.